हिवऱ्याला गेलेला माणूस

१

चिखलीच्या बसस्थानकामागं, झेरॉक्सच्या दुकानावर ज्येष्ठ नागरिक मदत केंद्राची खोली होती. म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेलं केंद्र जिना चढून वर असावं, ही कल्पना ज्या कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली त्याला अपेक्षाला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. खरं काम सगळं खालीच चाले. कुणी आलं की दुकानदार हाक मारी, वरून कुणीतरी उतरे, आणि मशीनच्या घरघरीत गुडघेदुखीपासून सुनेपर्यंत सगळं ऐकून घेई.

हे उतरणारं कुणीतरी हल्ली अपेक्षाच असायची. समाजकार्याच्या शिक्षणातलं शेवटचं सत्र, त्यातली ही इंटर्नशिप. केंद्राच्या प्रमुख मंजुश्री मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपण म्हाताऱ्यांच्या वतीनं ठरवायचं नाही. त्यांना काय हवंय ते विचारायचं आणि त्यासाठी भांडायचं." अपेक्षानं मान हलवली होती. ती हल्ली सगळ्यालाच मान हलवायची. डिसेंबरात तिची आई गेली, तेव्हापासून तिला ना वाईट वाटत होतं ना बरं. जेवण गिळायचं, बस पकडायची, अहवाल लिहायचा. दिवस जात होते, त्यांना तिची काही हरकत नव्हती.

एप्रिलातल्या त्या सकाळी खाली मनकर्णाबाई उभ्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात वॉकर, सोबत कुणी नाही. अपेक्षानं स्टूल पुढं केलं.

"बसली की उठता येत नाही मले," म्हातारी म्हणाली. "उभ्यानंच सांगते. माहा माणूस हरवला."

"कधीपासून, आजी?"

"माह्या खुब्याचं हाड मोडलं, त मी संभाजीनगरच्या दवाखान्यात होती. लय दिवस ठेवलं तिथं. घरी आली त हे घरात नाहीत. पोरगा म्हणते, आबा हिवऱ्याले गेले, आश्रमात सेवा करून राह्यले. सून तेच म्हणते. गल्लीही तेच म्हणते."

"मग तिथंच असतील."

"असतीन. मंग एकडाव येऊन मले पाहून काऊन नाही गेले?"

हिवरा आश्रम काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो.

"पोलिसांत सांगितलं का?"

"पोराच्या दारात पोलीस आणू? पोरगा चांगला आहे माहा. माह्या ऑपरेशनचा नवस बोलला, तिरुपतीले केस देऊन आला. सूनही जीव लावते. फक्त पाडव्याले गुढी नाही उभी केली तिनं, म्हणे काठी सापडली नाही." म्हातारीनं वॉकर थोडा पुढं सरकवला. "तू शोध. अन् जे सापडीन ते मले सांगजो. दुसऱ्या कोणाले नाही, मले."

अपेक्षानं सवयीनं मान हलवली, आणि आपण शब्द देऊन बसलो हे तिला म्हातारी रिक्षात बसल्यावर कळलं.

२

हरवलेले कडूबा म्हणजे भाजीवाले. जन्मभर मळ्यात वांगी-मेथी पिकवली आणि चिखलीच्या बाजारात विकली. त्यातून मुलाला शिकवलं, तो शरच्चंद्र आता एका कॉलेजात कारकून होता. जाफराबाद रस्त्याकडच्या गल्लीत त्यांचं पक्कं घर. मनकर्णाबाईंना जिना चढता येत नाही म्हणून त्यांचं अंथरूण खालच्या खोलीत, देवघराशेजारी केलेलं.

आजी आत झोपल्या होत्या. शरच्चंद्र ओसरीत बसून बोलला. डोक्यावरचे केस अजून ब्रशासारखे उभे, मिशी नुकती फुटल्यासारखी. पन्नाशीच्या माणसाला ती शोभत नव्हती.

"आबांचं मन लागेना, हो. माय दवाखान्यात, घर सुनं. म्हणाले, जातो आश्रमात, तेवढीच सेवा घडेल."

"तुम्ही भेटून आलात?"

"सुट्टी कुठं मिळते."

"रविवारी?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. प्रतिमा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं चहा अपेक्षासमोर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "आत्याबाई तुमच्याकडं आल्या होत्या का? काय म्हणाल्या?"

"तुमच्या सासऱ्यांना शोधा म्हणाल्या."

प्रतिमानं रिकामा ट्रे काखेत धरला. "त्यांचं काळीज अशक्त आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, त्रास होईल असं काही कानावर घालू नका. तुम्ही त्यांना उगाच काहीबाही विचारू नका, ताई."

"आबा सेवा करतायत, यात त्रास होण्यासारखं काय आहे?"

प्रतिमा आत निघून गेली. तिच्यामागं बोळात, दाराला टेकून, एक चांगला उंच वेळू उभा होता. गुढीला यापेक्षा सरळ काठी अख्ख्या गल्लीत मिळाली नसती.

संध्याकाळी मंजुश्री मॅडमनी ऐकलं आणि सुस्कारा टाकला. "मळा आहे ना त्यांचा? रस्त्याला लागून? मग नेहमीचंच. म्हातारा सही करीना, म्हणून कुठंतरी नेऊन ठेवला असेल. आधी त्याला नेणारा माणूस शोध."

तो शोधावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तोच अपेक्षासमोर येऊन उभा राहिला.

३

कुलदीप कडूबांच्या शेजारी राहायचा आणि काळीपिवळी जीप चालवायचा. बसस्थानकाबाहेर त्यानंच अपेक्षाला गाठलं.

"तुम्ही आबाची चौकशी करून राह्यल्या म्हणे. मीच नेलतं त्यायले. दुपारचं जेवण करून निघालो. पांढरा इस्त्रीचा सदरा, टोपी, निळी पिशवी. पुढं माह्याजवळ बसले. ऊन सारखं तोंडावर येऊन राह्यलं होतं, त आबानं टोपी डोळ्यावर ओढली अन् झोपले."

खांद्यावरचं फडकं काढून त्यानं समोरची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"मग?"

"मंग काय. पोचलो."

"हिवऱ्याला?"

"हाव."

"मलाही न्या तिकडं. मी भाडं देते."

"माही फेरी तिकडं नाही. मी देऊळगावराजाकडं मारतो." आणि काच पुसता पुसता तो म्हणाला, "बसनं जा."

बोलता बोलता जीप भरली होती. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसावीत अशी कोंबलेली, एक जण तर पायरीवर लोंबकळत होता. पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा मात्र रिकामी. एका बाईनं तिकडचं दार उघडायला हात घातला, तसा कुलदीप म्हणाला, "तिथं नाही, मावशी. मागं बसा." ज्या जीपमध्ये पुढं चौघं कोंबल्याशिवाय चावी फिरत नाही, तिथं हा लाड कुणाचा, ते अपेक्षाला कळेना.

ती पुन्हा गल्लीत गेली. समोरच्या धम्मशीलाबाईंनी निवडत असलेल्या गव्हातून मान वर न करता सांगितलं, "गेले न आबा हिवऱ्याले. पांढरा सदरा, निळी पिशवी. कुलदीपच्या जीपमध्ये, पुढं बसून." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं, "पांढरा सदरा, टोपी, निळी पिशवी." अपेक्षानं विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं? दुकानदार म्हणाला, सगळ्यांनीच पाहिलं. आणि लगेच एका गिऱ्हाईकाला साखर मोजू लागला, त्यानं मागितला होता गूळ.

चार माणसांनी एक गोष्ट पाहिली तर चार गोष्टी सांगतात. एकाला पिशवी निळी दिसते, दुसऱ्याला हिरवी, तिसरा म्हणतो पिशवी नव्हतीच. इथं सगळी गल्ली एकच धडा म्हणत होती. पण धडा खोटा म्हणावा, तर सांगताना प्रत्येकाचा आवाज पडत होता. पैशासाठी खोटं बोलणाऱ्यांचा आवाज असा पडत नाही. अपेक्षानं नोंद केली आणि हिवऱ्याची बस पाहिली.

४

दुपारची एसटी अर्धी रिकामी होती. अपेक्षाला ड्रायव्हरमागची पहिलीच जागा मिळाली. फोन वाजला. वडनेर भोलजीहून बाबा होते.

"परवा आखाजी आहे. तुह्या मायची पहिली घागर भरायची. येशीन न?"

"अहवाल द्यायचाय, बाबा. बघते."

"बरं," बाबा म्हणाले. फोन बंद झाला. तिला काही वाटलं नाही. काही वाटत नाही याचंही नाही.

अक्षय तृतीयेला त्यांच्याकडं घरोघर पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात. वाळ्याचं पाणी, वर खरबूज नाहीतर आंबा, घागरीला गंध. वर्षाच्या आत माणूस गेलं असेल तर त्याची पहिली घागर वेगळी भरायची, मान तिचा. आईच्या नावापुढं घागर हा शब्द लावून पाहायचं अपेक्षानं टाळलं आणि ती बाहेर पाहत बसली.

आश्रमातल्या कार्यालयात एका शांत गृहस्थांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन दोघा-तिघांना विचारलं, आणि परत येऊन म्हणाले, "या नावाचे कुणी इथं राहायला नाहीत, ताई. मधल्या काळात आलेही नव्हते. चिखलीकडचे सेवेकरी आम्ही नावानं ओळखतो." त्यांनी तिला जेवून जायला सांगितलं. ती जेवलीही. आमटी चांगली असावी.

म्हणजे कडूबा हिवऱ्याला पोचलेच नव्हते. मग कुलदीपनं त्यांना उतरवलं कुठं? आणि का?

परतीची बस निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. चिखलीकडं तोंड करून बस धावू लागली तशी त्याची तिरीप थेट तिच्या डोळ्यांत शिरली. तिनं ओढणी कपाळावरून खाली ओढून घेतली, आणि हात तसाच राहिला.

कडूबांनीही असंच केलं होतं. टोपी डोळ्यांवर ओढली होती. पण तिच्या डोळ्यांत ऊन आलं होतं ते चिखलीकडं येताना. दुपारी हिवऱ्याकडं जाताना याच पुढच्या जागेवर तिच्या मानेमागं ऊन होतं, समोर सावली. दुपारी जेवून निघालेल्या माणसाच्या तोंडावर ऊन यायचं, तर जीपचं तोंड मावळतीकडं हवं. देऊळगावराजाकडं. आणि देऊळगावराजाच्या पुढं जालना, जालन्याच्या पुढं संभाजीनगर.

कुलदीपनं सदरा, टोपी, पिशवी, झोप, सगळं खरं सांगितलं होतं. फक्त रस्ता दुसरा सांगितला होता. आणि त्या रस्त्याच्या टोकाला मनकर्णाबाईंचा दवाखाना होता.

५

आखाजीच्या सकाळी अपेक्षा वडनेरला गेली नाही, कडूबांच्या घरी गेली. शरच्चंद्र मळ्यात गेला होता आणि प्रतिमा आंबे आणायला. घरात एकट्या मनकर्णाबाई. देवघरापुढं पाटावर लाल घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज.

"सापडले का?" म्हातारीनं विचारलं.

"अजून नाही, आजी. हिवऱ्याला नाहीत, एवढं कळलं."

म्हातारी हादरली नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. "वारं सुटलं," ती म्हणाली. "सुनेनं गच्चीवर कुरडया घातल्या. फडकं उडीन. मले त चढता येत नाही. तू जरा वर जाऊन चार दगड ठेवून ये."

गच्चीवर कुरडया होत्या, फडकं होतं, आणि फडक्यावर आधीच दगड ठेवलेले होते. अपेक्षा परत फिरणार, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागं, सावलीत, तिला लाल काहीतरी दिसलं.

ती दुसरी घागर होती. कोरी, काठोकाठ भरलेली. वर आंबा, गंधाची ताजी बोटं, शेजारी केळीच्या पानावर पुरणपोळी, भजी, कढी, आणि पानाच्या कडेला मेथीची एक जुडी. भाजीवाल्याला आवडावी अशी, कोवळी.

खाली देवघरापुढं सगळ्या घराण्याच्या पितरांची घागर होती. मग ही कुणाची? प्रतिमाच्या माहेरच्यांची म्हणावी, तर ती घागर माहेरी भाऊ भरतो. सासरी, लपवून, टाकीमागं कोण भरेल? ही या घरच्याच माणसाची होती. नव्यानं गेलेल्या माणसाची, कारण पहिली घागर वेगळी असते. आणि त्याचं नाव खाली घेता येत नव्हतं, कारण खाली जी बसली होती तिला ते ऐकू द्यायचं नव्हतं.

अपेक्षाच्या अंगावर काटा आला नाही. ती नुसती उभी राहिली. मागं जिन्यावर पावलं वाजली. आंब्यांची पिशवी घेऊन प्रतिमा वर आली होती. तिनं अपेक्षाकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं, आणि पिशवी तिथंच खाली ठेवली.

६

त्या दुपारी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत पाच माणसं होती. जिन्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला, मनकर्णाबाई इथं येऊ शकत नव्हत्या. मंजुश्री मॅडमनी पंखा लावला. शरच्चंद्र, प्रतिमा आणि कुलदीप भिंतीशी बसले.

"कडूबा गेले," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज अहवाल वाचल्यासारखा होता. "घरात सुतक-वर्ष आहे म्हणून तुम्ही गुढी उभारली नाही. काठी दारामागंच आहे. शरच्चंद्रभाऊंनी केस नवसाला दिले नाहीत, दहाव्याला दिले. कुलदीपदादांनी त्यांना नेलं ते हिवऱ्याला नाही, संभाजीनगरच्या रस्त्यानं. दुपारचं ऊन त्याच रस्त्याला तोंडावर येतं. आणि ते पुढच्या सीटवर झोपले ते उठले नाहीत. म्हणून त्या सीटवर आता कुणाला बसू देत नाहीत."

कुलदीपनं फडकं तोंडाला लावलं.

"आबाले काकूले भेटायचं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, चला. जालना गेलं तरी झोपून. मले वाटलं झोपू द्यावं, रातभर झोपले नसतीन. दवाखान्याच्या फाटकात गाडी लावली अन् खांद्याले हात लावला."

"मी वर मायजवळ होतो," शरच्चंद्र म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. कुलदीपनं मला खाली बोलावलं. माय वर विचारत होती, आबा आले का. आबा खाली आले होते. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगू नका. मी वर गेलो आणि म्हणालो, आबा हिवऱ्याला गेलेत. तोंडाला आलं ते बोललो. मग ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, मग घरी आली. रोज म्हटलं, उद्या सांगू. पैनगंगेच्या काठी चार माणसांत दहावं उरकलं. गल्लीच्या पाया पडलो, म्हटलं सांभाळून घ्या. मळा विकायचा असता तर एवढं केलं असतं का? मळ्यात रोज मीच पाणी देतोय."

"आम्ही त्यांच्या चांगल्यासाठीच केलं, ताई," प्रतिमा म्हणाली. "सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? तुम्ही जबाबदारी घेणार का?"

मंजुश्री मॅडमनी अपेक्षाकडं पाहिलं. प्रश्न खरा होता. म्हातारीचं काळीज खरंच अशक्त होतं, आणि अपेक्षानं शब्द दिला होता.

"माझी आई गेली तेव्हा माझी परीक्षा चालू होती," अपेक्षा म्हणाली. आपण हे का सांगतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "घरच्यांनी मला कळवलं नाही. मी फोन केला की भाऊ म्हणायचा, आई झोपलीय. मी शेवटचा पेपर देऊन गेले तोवर राखसुद्धा सावडून झाली होती. पेपर चांगले गेले. माझ्या चांगल्यासाठीच केलं त्यांनी. तेव्हापासून मला काही वाटत नाही. कशाचंच. राग आला असता तर बरं झालं असतं, तोही येत नाही."

खाली मशीन घरघरत राहिलं.

"डॉक्टरला बोलवून घेऊ," शेवटी मंजुश्री मॅडम म्हणाल्या. "तो बाहेर थांबेल. पण सांगायचं. त्यांचा माणूस आहे, त्यांनी मागितलंय. लपवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं नव्हतं."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मनकर्णाबाईंच्या खोलीत बसले. डॉक्टर ओसरीत, बॅग मांडीवर घेऊन. शरच्चंद्रानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. म्हातारी एकेकाकडं पाहत होती. शेवटी तिची नजर अपेक्षावर थांबली.

"तू सांगणार होतीस मले."

अपेक्षा पुढं सरकून तिच्या पायाशी बसली. "आजी, आबा गेले. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच."

प्रतिमानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर दारात उठून उभा राहिला.

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले मालूम हाय."

शरच्चंद्रानं दचकून वर पाहिलं. "माय?"

"तिरुपतीहून आला अन् घरात एक लाडू नाही आणला. मी काय लहान पोरगी हाओ? पाडव्याले गुढी नाही. आखाजीले कुंभारीण दोन घागरी देऊन गेली, अन् पाटावर एकच ठेवली. दुसरी कोणाची ते मले नाही समजत का? पहाटे सून गच्चीवर जाऊन रडली. हे कवाड लावलं तरी ऐकू येते." तिनं अपेक्षाकडं पाहिलं. "म्हणून त तुले वर धाडलं. कुरड्यायले काई वारं लागत नव्हतं."

"मग आजी, आमच्याकडं शोधायला कशाला आलात?"

मनकर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी काय करू मंग? सारे म्हणून राह्यले, माणूस जिता हाय. पोरगा म्हणते, गल्ली म्हणते. अन् मी रडाले बसू? जित्या माणसाच्या नावानं रडते म्हणून बुढीच्या तोंडात शेण घातलं असतं लोकायनं. खरंच जिता असता त माह्या रडण्यानं गेला असता. मीच कसं म्हणू, गेला म्हणून? ते कोणीतरी मले सांगा लागते. रोज वाट पाहो, आज सांगतीन, उद्या सांगतीन. कोणी सांगेच ना. पोराच्या तोंडाकडं पाहून मलेच त्याची कीव ये. म्हणून मी तिकडं आली. म्हटलं, परकी पोरगी हाय, ती तरी सांगीन."

ज्या काळजाला जपायचं म्हणून अख्खी गल्ली खोटं बोलली, ते सगळं जाणून होतं आणि उलट त्यांनाच जपत होतं.

"आता नीट सांगा," म्हातारी म्हणाली. "कवा गेले? जवळ कोणी होतं का?"

"मी होतो, काकू," कुलदीप म्हणाला.

"काई बोलले?"

"म्हणे, सावकाश चालव. बुढीले दाखवाले इस्त्रीचा सदरा घातला, तिथं जाईस्तोर चुरगळीन."

मनकर्णाबाईंच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "जलमभर कवा इस्त्री नाही केली," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. मोठ्यानं, गळा काढून, नावं घेऊन. शरच्चंद्र त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आवाज ऐकून समोरच्या धम्मशीलाबाई हातातलं सूप तसंच टाकून धावत आल्या. मागून बाकीची गल्ली आली. एवढे दिवस धडा म्हणून दमलेली ती माणसं आता ओसरीत बसून मोकळी रडत होती. डॉक्टरनं आत येऊन म्हातारीची नाडी पाहिली आणि बॅग न उघडताच परत बाहेर जाऊन बसला.

प्रतिमाचा हात सासूच्या कपाळाकडं जाऊन अडखळला. मनकर्णाबाईंनी तो हलकेच बाजूला केला. "कुकवाचं माह्यं मी पाहीन," त्या रडता रडता म्हणाल्या. "ते तुम्ही नका ठरवू आता."

अपेक्षा उठून बाहेर ओट्यावर आली. आतून कुलदीपचा आवाज येत होता. कोणत्या गावाजवळ चहाला थांबले, आबांनी बिस्किट घेतलं की नाही, ते म्हातारी एकेक विचारत होती आणि तो एकेक सांगत होता. अपेक्षाच्या ध्यानात आलं, आपण हे कधी विचारलंच नाही. आई गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. कशी गेली, जवळ कोण होतं, काय म्हणाली, हे घरच्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

तिनं फोन लावला.

"बाबा, आई कशी गेली ते मला सांगा."

"आता?"

"आत्ता. पहिल्यापासून."

पलीकडं बाबा कुणाला तरी म्हणाले, मोटर बंद कर रे. पाण्याचा आवाज थांबला.

"सकाळी उठली तवा चांगली होती," ते म्हणाले. "चुलीजवळ बसली. मले म्हणे, पोरीचा आज कोणता पेपर हाय..."

अपेक्षा ओट्यावर खाली बसली आणि रडायला लागली. बाबा बोलता बोलता थांबले.

"सांगा," ती म्हणाली. "थांबू नका."